बैल, तांदूळ आणि आर्थर वेलस्ली

माहुलला पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला आधी काय दिसतं? टँकर. रस्त्याच्या कडेला एकामागोमाग एक उभे, ड्रायव्हर सावलीत बसलेले. इथल्या रिफायनऱ्या १९५० च्या दशकात आल्या आणि तेव्हापासून हे गाव मुंबईचं इंधनाचं कोठार झालं. फ्लेमिंगो बघायला लोक हौसेने येतात, टँकर बघायला कोणी येत नाही. पण टँकर दोन दिवस हलले नाहीत तर काय होतं हे विचारून बघा कुठल्याही पंपवाल्याला.

पुरवठा ही गोष्टच अशी आहे. ती सुरळीत चालली की तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे गेले काही शनिवार-रविवार मी आर्थर वेलस्लीची हिंदुस्तानातली जुनी पत्रं वाचत बसलोय. वेलस्ली म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तोच. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. पण वॉटर्लू १८१५ सालचं. त्याच्या बारा वर्षं आधी तो आपल्याकडे होता. पुणे, नगर, जालना, अकोला ह्या भागात. पत्रं उघडली ती लढायांची वर्णनं मिळतील म्हणून. तर पानोपानी काय, तर बैल! बैल किती, त्यांना वैरण कुठून, कितीचे खूर खराब झाले, तांदूळ किती दिवसांचा शिल्लक आहे, नदीवर होड्या बांधून झाल्या का. मध्येच कधीतरी एखादी लढाई.

आधी वाटलं, काय हा कारकुनी माणूस! मग हळूहळू लक्षात आलं की आपण हरलो ते इथेच. असईच्या रणांगणावर नुसता निकाल लागला.

मी इतिहासकार नाही, पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करतो. त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. पण ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

बिनकामाचा मुलगा

आर्थरचा जन्म १७६९ सालचा, डब्लिनचा. नेपोलियनही त्याच वर्षीचा. घराणं आयर्लंडमधलं इंग्रज सरदारांचं, पण पैशाची चणचण. वडील गॅरेट वेस्ली हे अर्ल, पण त्यांचा खरा जीव संगीतात. ट्रिनिटी कॉलेजात ते संगीताचे प्राध्यापक होते. १७८१ मध्ये ते वारले. मोठा भाऊ रिचर्ड हुशार, बाकीचेही बरे. आर्थर मात्र कशातच धड नाही. ईटनच्या शाळेत १७८१ ला घातला आणि १७८४ ला काढून घेतला, कारण त्याच्यावर फी खर्च करण्यात घरच्यांना अर्थ दिसेना. त्याला आवडायचं काय, तर व्हायोलिन वाजवणं. आई म्हणायची की हा पोरगा तोफेच्या तोंडी द्यायच्याच लायकीचा आहे. आपल्याकडे 'कुठेच नाही जमलं तर पोलिसात भरती कर' म्हणतात, तसलाच प्रकार.

फ्रान्समध्ये ऑन्झे इथे घोडेस्वारीच्या शाळेत एक वर्ष काढून तो घोड्यावर बसायला आणि फ्रेंच बोलायला शिकला. मार्च १७८७ मध्ये ओळखीपाळखीने सैन्यात कमिशन मिळालं. तेव्हा ब्रिटिश सैन्यात हुद्दे चक्क विकत मिळायचे. त्यामुळे भावाच्या पैशाने आणि वशिल्याने आर्थर भराभर वर चढला. १७९३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल होता. लढाई एकही पाहिलेली नाही! मधली वर्षं गेली डब्लिनला व्हाइसरॉयच्या दरबारी एडीसी म्हणून, नाचगाण्यात, जुगारात आणि कर्जात.

त्याच वर्षी त्याने किटी पॅकनहॅम नावाच्या मुलीला मागणी घातली. मुलाला भवितव्य नाही म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिला. त्यानंतर आर्थरने आपली व्हायोलिनं जाळून टाकली. पुन्हा आयुष्यात वाजवलं नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीत भावनेच्या भरात त्याने काही केलं असेल तर ते हेच.

भाकरी न आलेला हिवाळा

१७९४ मध्ये पहिलं युद्ध. फ्रेंच क्रांतीच्या फौजांविरुद्ध फ्लँडर्स आणि हॉलंडमध्ये. बॉक्स्टेलला त्याच्या पलटणीने शिस्तीने उभं राहून फ्रेंचांना थोपवलं, इतपत बरं. पण नंतर आला हिवाळा. वाल नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत फौज बसलेली, मुख्य सेनापतीचा पत्ता नाही, रसद येत नाही, दवाखान्यांची दैना. लढाईपेक्षा थंडी, भूक आणि रोगराईनेच माणसं जास्त मेली. पुढे म्हातारपणी तो सांगायचा की त्या मोहिमेत काय करू नये हे मी शिकलो.

परत आल्यावर सैन्य सोडून सरकारी नोकरी धरायचा त्याचा विचार होता. जमलं नाही. पलटण वेस्ट इंडीजला निघाली, वादळांनी जहाजं मागे फिरवली. मग हुकूम बदलला आणि ३३ वी पलटण हिंदुस्तानात आली. फेब्रुवारी १७९७ मध्ये आर्थर कलकत्त्याला उतरला, सत्तावीस वर्षांचा. सोबत पेटीभर पुस्तकं होती, हिंदुस्तानाबद्दलची आणि युद्धशास्त्राची. जुगार बंद, व्हायोलिन बंद, वाचन चालू.

पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. आता हा वशिला म्हणायचा की नशीब हे तुम्हीच ठरवा. पण निव्वळ वशिल्यावर चढलेला माणूस साधारण कुठे थांबतो हे आपण ऑफिसात बघतोच. हा थांबला नाही, त्याचं कारण शोधायला हवं.

ज्यांनी जेवू घातलं

इथे जरा मागे जायला हवं. १७९१ साली कॉर्नवॉलिस टिपूवर चालून गेला, पार श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला. आणि तिथून परत फिरला. हरला म्हणून नाही. बैल मेले म्हणून. तोफा ओढायला जनावरच उरलं नाही. किल्ले फोडायच्या मोठ्या तोफा त्याला स्वतःच्या हाताने निकामी करून टाकाव्या लागल्या. फौज उपाशी.

अशा वेळी त्याला भेटलं कोण? हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं मराठी सैन्य. तेव्हा मराठे आणि इंग्रज टिपूविरुद्ध एका बाजूला होते. मराठ्यांच्या छावणीतला बाजार भरलेला होता, धान्य हवं तेवढं होतं, फक्त भाव चढा. इंग्रजांची फौज त्या बाजारावर जगली.

म्हणजे असईच्या आधी फक्त बारा वर्षं इंग्रजांना जेवू घालणारे आपण होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्रजांनी ते लक्षात ठेवलं. टिपूविरुद्धच्या पुढच्या मोहिमेसाठी १७९८ च्या अखेरीस मद्रासच्या बाजूला बैल, तांदूळ, दारूगोळा जमवायच्या कामावर आर्थर होता. कंटाळवाणं काम. पण वालच्या काठचा हिवाळा त्याने भोगलेला होता. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला.

त्याच मोहिमेत ५ एप्रिलच्या रात्री आर्थरने सुलतानपेठच्या राईवर हल्ला केला. अंधार, वाट माहीत नाही, जागेची पाहणी केलेली नाही. पार फजिती झाली. गुडघ्याला गोळी चाटून गेली, बारा माणसं टिपूच्या हाती सापडली आणि मारली गेली. दिवसाउजेडी पाहणी न करता रात्रीचा हल्ला पुन्हा कधी करायचा नाही, हा नियम त्याने तेव्हा केला. टेस्ट न करता रात्री रिलीज केलेल्यांना हे दुःख कळेल :-)

श्रीरंगपट्टणचा कारभार त्याच्याकडे आला आणि त्याबरोबर एक ठेवा. मैसूरच्या राजांनी जोपासलेली आणि टिपूने अमृतमहाल नाव दिलेली बैलांची पैदास. साधा ओझ्याचा बैल जेवढी मजल मारतो त्याच्या कितीतरी जास्त हे बैल तोफ ओढत मारायचे. आणि मैसूरचा दिवाण पूर्णय्या. आधी टिपूचा हिशेब सांभाळणारा, मग नव्या राज्याचा. बैल, धान्य, घोडेस्वार, सगळं वेळेवर पोचवणारा हा माणूस. इंग्रजांची चढाई अर्धीअधिक याच्या वहीतून झाली असं म्हटलं तरी चालेल.

धोंडजी वाघ आणि हरगोल

१८०० साली धोंडजी वाघ नावाच्या, आधी टिपूच्या कैदेत असलेल्या आणि तिथून सुटून गेलेल्या एका लढवय्याने तुंगभद्रेपासून मलप्रभेपर्यंतचा मुलूख हलवून सोडला. स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवून घ्यायचा. त्याच्याकडे हजारो घोडेस्वार. आज इथे, उद्या तिथे. म्हणजे गनिमी काव्याचीच पद्धत.

आर्थर दोन-तीन महिने त्याच्या मागे होता. आणि त्याला एक गोष्ट कळली. हलक्या घोडदळाला तुम्ही वेगात हरवू शकत नाही, पण सतत मागे राहून दमवू शकता. त्यासाठी तुमचं धान्य तुमच्याबरोबर हवं आणि मध्ये येणारी नदी तुम्हाला अडवता कामा नये. नदीसाठी त्याने इथलाच उपाय उचलला: हरगोल. बांबू-वेतांची मोठी गोल टोपली, वरून कातडं. आपल्या दक्षिणेकडच्या नद्यांवर लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले ती. १० सप्टेंबर १८०० ला कोनगलजवळ धोंडजी मारला गेला. त्याचा लहान मुलगा सलाबतखान सामानात सापडला, त्याला आर्थरने सांभाळलं आणि जाताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला. माणूस असा, म्हटलं तर कोरडा, म्हटलं तर नाही.

मुंबईची खाज

१८०१ मध्ये तो पहिल्यांदा मुंबईत आला. ईजिप्तला जाणाऱ्या फौजेचं नेतृत्व त्याला मिळायचं होतं, ते ऐनवेळी बेअर्डकडे गेलं आणि हा दुय्यम झाला. भावाला रागाची पत्रं लिहून झाली. मग ताप आला, आणि तापावर कडी म्हणून अंगभर खाज. ह्या हवेतल्या खाजेबद्दल मुंबईकराला काही सांगायला नकोच. त्यावर उपाय काय, तर नायट्रिक ॲसिड घातलेल्या पाण्याने आंघोळी! ह्या भानगडीत ज्या जहाजावर त्याची जागा होती ते 'सुझाना' त्याच्याशिवाय गेलं. ते तांबड्या समुद्रात सगळ्या माणसांसकट बुडालं.

खाज नसती तर वॉटर्लूला कोण असतं कोणास ठाऊक. आणि असईलाही.

पुण्याकडे

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. १७९४ ला महादजी शिंदे गेले. १८०० ला नाना फडणवीस गेले. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव सूड घ्यायला आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा फडशा पाडला. बाजीराव कोकणात पळाला, तिथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह. पेशव्याने इंग्रजांची फौज पदरी घ्यायचं कबूल केलं. माहुलहून वसई ती किती लांब! वसईच्या खाडीपलीकडे राज्य गहाण पडलं आणि साष्टीतल्या लोकांना पत्ताही नसेल. साष्टी तर इंग्रजांनी १७७४ लाच घेतलेली.

बाजीरावाला गादीवर बसवायला निघाला आर्थर वेलस्ली. आता तो मेजर जनरल होता. ९ मार्च १८०३ ला हरिहरहून सुमारे दहा हजारांची फौज निघाली. मिरजेवरून पुण्याकडे. यशवंतरावाच्या फौजेने मुलूख आधीच ओरबाडलेला, वर पाऊसपाणी धड नाही. १८०३-०४ चा दुष्काळ पुढे दख्खनला उभाच होता. अशा मुलखातून एवढी फौज जाऊन उपाशी मरायला हवी होती. ती मेली नाही, कारण तांदूळ बरोबर होता, धान्याचे पोते लादलेले लमाणांचे तांडे ठरवलेले होते, आणि वाटेतल्या गावांतून जे घेतलं त्याचे पैसे दिले जात होते. लूट करणाऱ्याला फाशी. दयाबुद्धी म्हणून नव्हे. लुटलेला गावकरी पळून जातो, आणि पळून गेलेला गावकरी पुढच्या फौजेला धान्य विकत नाही, एवढा साधा हिशेब.

अमृतराव पुणं जाळणार अशी बातमी आली तेव्हा शेवटचे साठेक मैल त्याने घोडदळानिशी ३२ तासांत काटले आणि २० एप्रिलला पुण्यात आला. १३ मे ला बाजीराव गादीवर.

यानंतर त्याची रसद मुंबईहून यायला लागली. मुंबईहून होडीने ट्रॉम्बेच्या टोकासमोरून पनवेलला, तिथून बोरघाट चढून पुणं, मग नगर. म्हणजे टँकर आज जिथे भरतात त्याच्या समोरच्याच पाण्यातून तेव्हा तांदूळ आणि दारूगोळा जात होता. नद्यांवर पूल टाकायच्या होड्याही त्याने मुंबईकडे मागितल्या होत्या, त्या वेळेवर पोचल्या नाहीत. तर बाबाने पुन्हा हरगोल विणायला घेतले.

दसऱ्याची वाट न बघता

आता ह्या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत धक्का देणारा भाग.

आपल्याकडे मोहीम कधी निघायची? दसऱ्याला. सीमोल्लंघन करायचं, सोनं लुटायचं, निघायचं. त्याला कारण होतं. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, चिखल, घोडे चालत नाहीत, गडी शेतावर. पाऊस संपला की पीक उभं, वैरण मुबलक, नद्यांना उतार. शेकडो वर्षांचा अनुभव होता तो.

वेलस्लीने हेच उलटं वाचलं. त्याचं म्हणणं असं: मराठ्यांचं बळ घोडदळात. भरलेली नदी घोडदळाला अडवते. त्यांच्याकडे होड्यांची सोय नाही, माझ्याकडे आहे. म्हणजे पावसाळा हा त्यांना अडथळा आणि मला मदत. मग युद्ध पावसाळ्यातच सुरू केलेलं बरं.

६ ऑगस्ट १८०३ ला त्याने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं. ८ ऑगस्टला नगरची पेठ शिड्या लावून घेतली, चार दिवसांत किल्ला हातात. त्या दिवशी पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले इंग्रजांच्या छावणीत होते. हे लोक सकाळी आले, भिंत चढून गेले, मारून टाकलं आणि न्याहारीला परत आले, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी आश्चर्याने लिहिलं. हेच बापू गोखले १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. पेठेची भिंत चढणाऱ्यांकडे पाहताना हे आपल्यावरही येणार असं त्यांना वाटलं असेल का?

नगरचा किल्ला म्हणजे वेलस्लीला गोदाम मिळालं. आता पुढे जायला हरकत नव्हती.

असई

२३ सप्टेंबर १८०३. दसरा अजून यायचाच होता.

वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन वेगवेगळ्या वाटांनी येऊन २४ ला मिळून हल्ला करणार होते. पण २३ लाच वेलस्लीला शिंदे-भोसल्यांची अख्खी फौज भोकरदनच्या बाजूला, केळणा नदीपलीकडे दिसली. त्याच्याकडे कवायती फौज सुमारे साडेचार हजार, शिवाय मैसूरचे आणि पेशव्यांकडचे घोडेस्वार. समोर शिंद्यांची दहा हजारांहून जास्त कवायती पायदळ पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि हजारो घोडेस्वार. थांबला तर ते निघून जातील, म्हणून त्याने ठरवलं, आजच.

समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाड्ये म्हणाले दुसरा उतार नाही. वेलस्लीने पुढे जाऊन पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. तो म्हणाला, दोन गावं अशी समोरासमोर वसली म्हणजे मध्ये येणंजाणं असणारच. उतार असणारच. आणि होता.

ह्यात कसलंही दिव्य नाही. गावाकडच्या कोणत्याही माणसाला कळेल अशी गोष्ट आहे. पण तीन वर्षं नद्या ओलांडत फिरलेल्या माणसालाच ती त्या क्षणी सुचते.

तो पलीकडे गेला, केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात, शिंद्यांच्या डाव्या बगलेवर. जागा अरुंद, त्यामुळे मोठ्या घोडदळाला पसरायला वाव नाही. इथपर्यंत सगळं हिशेबाप्रमाणे. पण मग हिशेब चुकला. शिंद्यांच्या पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली होत्या, आणि त्यांनी अख्खी रांग कवायतीत वळवून त्याच्यासमोर उभी केली. वेलस्लीला हे अपेक्षितच नव्हतं. शिंद्यांच्या तोफांनी असा मारा केला की त्याच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज जागच्या जागी मेले, तोफा पुढे नेताच येईनात. इतके जपलेले बैल असे गेले. मग पायदळ नुसत्या संगिनींनी पुढे गेलं. उजवीकडची तुकडी वाट चुकून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि ७४ वी पलटण जवळपास कापली गेली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. ज्यांच्या शौर्यावर कोणी पोवाडा लिहिला नाही अशी ही माणसं.

वेलस्लीचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी शिंद्यांची फौज हटली, तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. इंग्रजांकडचे जवळपास सोळाशे मेले किंवा जखमी झाले. म्हणजे कवायती फौजेतला तिघांतला एक. त्यात मद्रासचे शिपाई मोठ्या संख्येने. पाठलाग करायचं त्राण नव्हतं, जखमींना अजिंठ्याला हलवलं. त्या रात्री हा चौतीस वर्षांचा सेनापती गुडघ्यांत डोकं घालून बसून होता म्हणतात. म्हातारपणी कोणी विचारलं की तुमची लढाईतली सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर वॉटर्लू न सांगता त्याने असई सांगितलं.

पुढचं भराभर झालं. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडे आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह, ३० ला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. नऊ महिन्यांपूर्वी तो तुंगभद्रेवर होता.

मग आपण हरलो कशाने?

आपल्याकडचं ठरलेलं उत्तर फंदफितुरी. ते खोटं नाही. होळकर त्या वर्षी बाजूला बसला, पेशवा इंग्रजांच्या मांडीवर, काही युरोपियन अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले. दुसरं उत्तर, इंग्रजांची हत्यारं आणि कवायत. पण असईला तोफा आपल्या चांगल्या होत्या, कवायतही होती, गोलंदाज तर जीव देऊन लढले.

मला वाटतं तिसरी गोष्ट आपण मोजत नाही. शिंद्यांच्या फौजेबरोबर बाजारबुणगे आणि पेंढारी. मुलखावर जगायचं, मुलूख संपला की पुढे सरकायचं. वेलस्लीकडे पुढच्या पंधरा दिवसांचा तांदूळ कुठे आहे त्याचा आकडा. एकजण अन्न असेल तिकडे जातो, दुसरा जायचं असेल तिकडे अन्न नेतो. लढाई कुठे आणि कधी व्हायची हे मग दुसराच ठरवणार.

आणि वाईट कशाचं वाटतं सांगू? हे काही इंग्रजांचं गुपित नव्हतं. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या मे महिन्यात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आपण ते रयतेच्या प्रेमासाठी वाचतो, भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणून. ते प्रेम आहेच. पण पुन्हा वाचून बघा, ते रसदीचं पत्र आहे. दाणा-वैरण आत्ता बेहिशेबी उडवलीत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेवर जाल आणि रयतेला वाटेल यापेक्षा मोगल बरा. उंदीर पेटती वात नेईल आणि गवताची गंजी जळेल, इथपर्यंत बारकावा! वेलस्लीच्या पत्रांतला बैलांचा हिशेब वाचताना मला सारखं तेच पत्र आठवत होतं.

१६७४ ला जे कागदावर होतं ते १७६१ ला पानिपतावर नव्हतं. भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटी लढायला निघाली. १७९१ ला हरिपंतांच्या छावणीत ते पुन्हा होतं, इतकं की इंग्रजाला जेवू घातलं. आणि १८०३ ला ते समोरच्याकडे होतं. माहिती असणं आणि ती सवय म्हणून टिकणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. एक माणूस होता म्हणून जमलं, तो गेला आणि सोबत सगळं गेलं, हा प्रकार आमच्या धंद्यातही रोज होतो. डॉक्युमेंट असतं, पण वाचतंय कोण.

नंतर

१८०४ च्या मार्चमध्ये वेलस्ली पुन्हा मुंबईत आला, सत्कार, मेजवान्या झाल्या. मार्च १८०५ मध्ये मद्रासहून तो मायदेशी निघाला. जाण्याआधी पूर्णय्याला आपली तसबीर दिली. तेवढी कृतज्ञता त्याच्यात होती. किटी पॅकनहॅमशी १८०६ मध्ये लग्नही झालं, आता भवितव्याची शंका कोणाला नव्हती.

नेपोलियन त्याला 'शिपायांचा सेनापती' म्हणून हिणवायचा. हिंदुस्तानात काळ्या शिपायांच्या जिवावर जिंकलेला. पण १८१० साली पोर्तुगालमध्ये काय झालं? मासेनाची फ्रेंच फौज मुलखावर जगत लिस्बनच्या दारापर्यंत आली, समोर तटबंदी आणि आजूबाजूला रिकामी गावं. वेलिंग्टनची फौज खेचरांवरून आणि जहाजांवरून आलेलं खात आत बसून राहिली. काही महिन्यांनी मासेना उपाशी फौज घेऊन परत फिरला. बैलांच्या जागी खेचरं, तांदळाच्या जागी बिस्किटं, बाकी वही तीच. ती वही तो तुंगभद्रा आणि गोदावरीच्या मधल्या मुलखात लिहायला शिकला होता, आणि शिकवणारे होते हरगोल विणणारे, लमाण, बैलांमागे चालणारे गाडीवान. त्यांची नावं त्या पत्रांच्या ढिगात सापडत नाहीत. मी शोधली.

मुंबईत त्याची एक खूण आहे. रीगल सिनेमासमोरच्या चौकात मधोमध जे कारंजं आहे ते वेलिंग्टन फाउंटन. १८०१ आणि १८०४ च्या त्याच्या मुंबईभेटींची आठवण म्हणून १८६५ मध्ये बांधलेलं. चौकाचं नाव आता श्यामाप्रसाद मुखर्जी चौक. मी त्याला शेकडो वेळा वळसा घातला असेन, एकदाही वर बघितलं नव्हतं.

मागच्या रविवारी मुद्दाम जाऊन बघून आलो. परत येताना माहुलच्या रस्त्यावर टँकरांमागे वीस मिनिटं अडकलो. एरवी शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी नाही घातल्या.